त्रेचाळीस प्रमेयं, सुलट आणि उलट

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रंजनी एकच प्रमेय तिसऱ्यांदा म्हणत होती. चेन्नईजवळच्या एन्नोरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची खिडकी बंद होती, कारण उघडली की वीज केंद्राची राख वहीवर येऊन बसते. समोर तिचे वडील कृष्णाजी बसले होते. वय पंच्याहत्तर, बंदराजवळच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. त्यांच्या हातात चमचा, पुढ्यात कॉफीचा रिकामा टंबलर आणि मांडीवर चिठ्ठ्या.

चमचा टंबलरवर वाजला की रंजनीने जिथे असेल तिथे थांबायचं, वरच्या चिठ्ठीतल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि सुटलं तिथूनच पुढे जायचं, असं ठरलं होतं. पहिल्या तासात ते तिला एकदाही जमलं नाही. प्रत्येक वेळी ती पहिल्या वाक्यावर परत गेली.

रंजनी एकोणचाळीस वर्षांची आहे. एका तमिळ माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन एम.एस्सी. करते. लेखी परीक्षा ती पहिल्याच झटक्यात पास झाली. लिनिअर अल्जिब्राच्या तोंडी परीक्षेत मात्र पन्नासपैकी सोळा गुण पडले. पास व्हायला पंचवीस लागतात. परीक्षकांनी मध्येच उदाहरण विचारलं, ती सुरुवातीपासून म्हणू लागली. त्यांनी पुन्हा थांबवलं, ती पुन्हा सुरुवातीला गेली. वीस मिनिटं अशीच संपली. नियमाप्रमाणे दुसरी संधी शेवटची असते. सोमवारी ती हुकली तर सगळा विषय पुढच्या वर्षी नव्याने द्यावा लागेल, आणि शाळेतली वरच्या वर्गांची जागा तोवर थांबणार नाही. मुख्याध्यापिकांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे.

ही सवय घरातलीच. घराणं तंजावरचं मराठी. कृष्णाजी गेली बावीस वर्षं रोज पहाटे देवळात आठदहा जणांबरोबर पाठ म्हणतात. तिथे मध्येच कोणी अडखळलं तर अख्खा अध्याय पहिल्यापासून. मुलीला पाढे, कविता, व्याख्या त्यांनी त्याच रीतीने शिकवल्या. म्हणणाऱ्याला मध्येच तोडणं त्यांना पाप वाटतं, म्हणून टंबलर आणि चमचा ही तडजोड. चिठ्ठ्या रंजनीने तमिळ अक्षरांत लिहून दिल्या आहेत, कारण त्यांना ती पटकन वाचता येतात. प्रश्न तीनच, पुन्हा पुन्हा लिहिलेले: का? उदाहरण? उलट खरं का?

त्याच प्रमेयात चौथ्यांदा चमचा वाजला आणि रंजनी पुन्हा पहिल्या वाक्यावर गेली, तेव्हा ते म्हणाले, “मध्ये थांबलीस की पहिल्यापासून का गं? एन्नोरला गाडी थांबली म्हणून परत सेंट्रलला जाते का?”

रंजनीला हसू आलं नाही. ती पाणी प्यायली आणि पुन्हा उभी राहिली. प्रमेय असं: मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटीच्या, आयगेनव्हॅल्यू सगळ्या वेगवेगळ्या असतील तर तिला डायगनल रूप देता येतं. सिद्धता अर्ध्यावर आली, चमचा वाजला. चिठ्ठी: उलट खरं का?

“हो,” ती लगेच म्हणाली. “डायगनल रूप देता येत असेल तर आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्याच असतात.” आणि पहिल्यांदाच सुटलं तिथूनच पुढे गेली. कृष्णाजींनी मान हलवली आणि पुन्हा चमचा वाजवला. चिठ्ठी: उदाहरण?

तिने सोपं म्हणून दोन ओळींची मॅट्रिक्स वहीत लिहिली. वर एक, शून्य. खाली शून्य, एक. कृष्णाजींनी वही ओढून घेतली. डायगनल म्हणजे फक्त तिरक्या रेषेवर आकडे आणि बाकी सगळीकडे शून्य, एवढं तिने सकाळीच त्यांना सांगितलं होतं. अशा मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे तेच तिरके आकडे, हेही.

“ही तर आधीच तिरकी आहे की,” ते म्हणाले. “आणि आकडे दोन्ही एकच. वेगवेगळे कुठे आहेत?”

रंजनी खाली बसली. प्रमेय बरोबर होतं, उलट विधान चूक होतं, आणि ते ती वर्षभर त्याच खात्रीने म्हणत आली होती.

चूक कुठून आली हे शोधायला फार वेळ लागला नाही. शब्द सुटू नयेत म्हणून पाठात ओळ आधी सुलट म्हणतात, मग उलट. वडिलांनी तिला लहानपणी तेच शिकवलं आणि तिने वहीतली सगळी प्रमेयं तशीच पाठ केली होती. ‘असं असेल तर तसं’ या ओळीखाली लाल शाईत ‘तसं असेल तर असं’. अशी त्रेचाळीस प्रमेयं. लाल ओळी तिने पाठांतरासाठी लिहिल्या होत्या. त्या कधी खऱ्या वाटायला लागल्या, हे तिला सांगता येईना. लेखी परीक्षेत उलट बाजू कोणी विचारली नव्हती. उद्या विचारतील.

कृष्णाजींनी टंबलर बाजूला ठेवला.

“पाठ पक्का व्हावा म्हणून मी उलट म्हणायला लावलं,” ते म्हणाले. “ते खरं आहे असं कुठे सांगितलं?”

“तुम्ही नाही सांगितलं, अप्पा. मीच विचारलं नाही.”

पाच वाजता त्यांनी वही पहिल्या पानापासून घेतली. कृष्णाजी लाल ओळ वाचत. रंजनी ती सिद्ध करी किंवा मोडणारं उदाहरण शोधी. डिटरमिनंट शून्य नसेल तर इन्व्हर्स असतो: उलटही खरं. दोन मॅट्रिक्स सिमिलर असतील तर त्यांचे डिटरमिनंट सारखे: उलट खोटं. खोट्या ओळीवर कृष्णाजी स्वतः पेन्सिलीने आडवी रेघ मारत. सात वाजता तिचे यजमान महेश यांचा ओरगडमहून फोन आला. ते तिथल्या कारखान्यात कामाला आहेत आणि या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी आहे. तयारी झाली का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काल झाली होती, आज नाही.

आठ वाजेपर्यंत सतरा ओळी खऱ्या निघाल्या, बावीस खोट्या. चार राहिल्या. त्यांचं उदाहरणही सापडेना, सिद्धताही सुचेना. रंजनीने त्या चार वेगळ्या कागदावर उतरवल्या आणि वही मिटली.

उद्याचा गजर पावणेपाचचा आहे. देवळातल्या पाठाला आपण येणार नाही, असं कृष्णाजींनी फोन करून कळवलं आहे. बावीस वर्षांतला हा त्यांचा पहिला खाडा. पाच ते सहा त्या चार ओळी होतील. तोंडी परीक्षा साडेदहाला आहे आणि यादीत रंजनीचं नाव तिसरं आहे.