माझ्या हातात रुपया न देणारे वकीलसाहेब

अ‍ॅडव्होकेट माधवराव ठोसर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि शिष्य लिहीत आहेत. त्या पंगतीत बसण्याइतकं माझं कर्तृत्व नाही. संपादकांना मी सरळ सांगितलं की वकीलसाहेबांनी माझं भलं केलं हे खरं, पण त्यांनी ज्याच्याविरुद्ध कागद केला तोही मीच. ते म्हणाले, मग तर लिहाच.

आमची पहिली भेट त्यांच्या भिवंडीतल्या कचेरीत झाली. टेमघरची आमची थोडी जमीन विकली गेली होती आणि उरलेल्या जागेवर वडिलांनी गोदाम बांधून भाड्याने दिलं होतं. घरात पैसा आला आणि मला पंख फुटले. नात्यातल्या कुणाचीही हळद असो, बँडचा आणि जेवणाचा खर्च मी अंगावर घ्यायचो. शर्यतीचे बैल झाले, जीप झाली. मग कापड विणायचे चार लूम टाकले, हनीफशेठ नावाच्या सूत व्यापाऱ्यांकडून उधारीवर सूत उचललं, कापड विकलं आणि तेही पैसे उडवले. बाबांनी धसका घेतला. ते वकीलसाहेबांकडे जाऊन म्हणाले, "ह्याच्या हाती पैसा टिकत न्हाय. घर नि गोदाम नातवंडांना राहील असं काय तरी लिवा."

वकीलसाहेबांची एक पद्धत आहे. कागद ज्याला झोंबणार, त्याला तो सहीआधी स्वतः वाचून दाखवायचा. म्हणून त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि मला कफल्लक करणारा तो ट्रस्टचा दस्त शांतपणे वाचला. बाबांची इच्छा वेगळी होती. मुलाचा हिस्सा ठेवावा, फक्त तो त्याला विकता येणार नाही आणि कुणा घेणेकऱ्याला जप्त करता येणार नाही, एवढी ओळ घालावी, असं त्यांना वाटे. परदेशात काही ठिकाणी असे ट्रस्ट चालतात, वकीलसाहेबांनी समजावलं, पण आपल्या कोर्टात ती ओळ टिकायची नाही. हिस्सा माझा म्हटला की माझ्या घेणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येणार. म्हणून त्यांनी मला हिस्साच ठेवला नव्हता. मी, माझी पत्नी मंदा आणि आमची मुलं यांच्यासाठी कधी आणि किती खर्च करायचा, हे विश्वस्तांनी ठरवायचं. विश्वस्त दोघे, बाबा आणि वकीलसाहेब. मी चहा तसाच टाकून उठलो.

पुढे वर्षभर मी त्यांच्या नावाने बोटं मोडली. मंदाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दवाखान्यात आले, बिल ट्रस्टमधून स्वतः खिडकीवर भरलं, तिच्या उशाशी बसून मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली. ते निघताना मी घरी जायला रिक्षाला म्हणून शंभर रुपये मागितले. त्यांनी बाहेर येऊन रिक्षा ठरवली, रिक्षावाल्याला पैसे दिले आणि माझ्या हातात केळी ठेवली. मला तेव्हा राग आला होता. आता हसू येतं.

त्यानंतर हनीफशेठनी सुताच्या उधारीसाठी कोर्टातून माझ्यावर वसुलीचा हुकूमनामा मिळवला आणि गोदामाचं भाडं जप्त करावं असा अर्ज केला. ट्रस्टच्या बाजूने वकीलसाहेब उभे राहिले. विश्वस्त देत नाहीत तोवर या माणसाचं त्या भाड्यात काही नाही, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने मानला. मला केवढा आनंद झाला! इतके दिवस जो ट्रस्ट डोळ्यांत खुपत होता, तो एकाएकी माझी ढाल झाला. कोर्टाच्या व्हरांड्यात मी हनीफशेठना म्हणालो, "शेठ, आता ट्रस्टला विचारा." ते वकीलसाहेबांकडे वळून म्हणाले, "वकीलसाब, बच्चों की फी का पैसा मला नको. पण हा माझ्या सुतावर मजा करून गेला, आणि आता हसतो."

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मला बोलावलं. आवाज चढला नव्हता.

"काल मी तुमच्या मुलांचं घर वाचवलं. तुम्हाला वाचवलं नाही. शेठचं घेणं खरं आहे. उद्या तुमच्या हातात कमाई आली, तर तिच्यावर त्यांचा हक्क आहे."

एका ओळखीच्या गोदामात माल उतरवून घेण्याच्या देखरेखीची नोकरी त्यांनी माझ्यासाठी बघून ठेवली होती. पत्ता लिहिलेला कागद पुढे सरकवत ते म्हणाले, "हा पत्ता शेठना मी कळवू, की तुम्ही कळवता?"

नोकरीच न धरता ट्रस्टच्या जिवावर आयुष्यभर बसून खाता आलं असतं. कायद्याने मला कुणी हलवलं नसतं. पण मुलगा तेव्हा सातवीत होता, आणि बाप काय करतो हे त्याला कळू लागलं होतं. मी हनीफशेठच्या दुकानात गेलो. पगार झाला की जप्तीशिवाय मीच आणून देईन, असं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. पाचव्या महिन्यापासून ते मला बसायला सांगू लागले. पूर्ण फेड व्हायला चार वर्षं लागली. शेवटच्या दिवशी शेठ स्वतः माझ्याबरोबर वकीलसाहेबांच्या कचेरीत आले आणि घेणं फिटलं असं कोर्टाला कळवणाऱ्या अर्जावर त्यांनी सही केली. बाबा हे पाहून गेले, याचं मला फार समाधान आहे.

गेल्या वर्षी खारबावच्या एका वडिलांनी आपल्या मुलासाठी असाच ट्रस्ट केला. विश्वस्त म्हणून वकीलसाहेबांनी माझं नाव सुचवलं. मी दचकलो. ते म्हणाले, "पैसा हातातून कसा निसटतो हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?" त्या दिवशी घरी येऊन मी मंदाला सांगितलं आणि आम्ही दोघंही रडलो.

तो खारबावचा मुलगा आता दर आठवड्याला माझ्याकडे पैसे मागायला येतो. त्याला नाही म्हणणं मला जमतं. पण नाही म्हटल्यावरही त्याने चहा संपवून जावं, हे अजून जमत नाही. माझ्यासमोरचा त्याचा कप दर वेळी भरलेला राहतो. वकीलसाहेब, आपल्याकडचा पहिला चहा मीही टाकून उठलो होतो, पुढे मात्र कप संपवून जाऊ लागलो. ही विद्या शिकायला मला बरीच वर्षं लागणार आहेत. तेवढी वर्षं आपण ठणठणीत प्रकृतीने आमच्यात असावं, एवढंच मागणं आहे, आणि या एका मागण्याला आपण नाही म्हणू नये.