ढोल कुणाच्या ओटीवर

पहाटे चारला कान्हू घरत उठायचा. घड्याळ लागत नसे. हौसाचा चहा होईपर्यंत तो टाचांना खोबरेल चोळून घ्यायचा, कारण फाटलेल्या टाचेत मिठाचं पाणी गेलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. साडेपाचला तो मिठागरावर असायचा. ऊन चढायच्या आत लाकडी दाताळ्याने मीठ कडेला ओढायचं, मग टोपल्यांनी ढिगावर न्यायचं. टोपलं काठोकाठ भरल्याशिवाय त्याने उचललं नाही. शेजारच्याने अर्धं उचललं तर तो बोलायचा नाही, नुसता बघायचा. अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

पावसाळ्यात भातशेती. वडखळच्या खाली खाडीकाठी त्याचं गाव, आणि गावाची सगळी शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. तो फुटला तर खारं पाणी आत, आणि पुढे तीन वर्षं भात नाही. म्हणून दर घरातला एक माणूस वर्षातून तीन दिवस बांधावर फुकट राबायचा. किती दिवस आणि कुठे, हे गावकीत ठरायचं. गावकी म्हणजे घरटी एक माणूस, देवळात बसलेला. ती बोलवायची रीत एकच, गावचा ढोल वाजवायचा. आणि ढोल असायचा गावच्या मुख्याच्या, हैबतरावांच्या ओटीवर. तीन पिढ्या तिथेच.

१९९३ साली त्या ढोलावर काठी पडून सहा वर्षं झाली होती. गावकी न बसवता हैबतरावांनी तिनाचे पाच दिवस केले, पाचाचे सात. त्यांचा माणूस नाथा घरोघर सांगत फिरायचा, "उद्या एक माणूस." सातांतले चार दिवस बांधाला लागून, खाडीच्या बाजूला खणलेल्या हैबतरावांच्या स्वतःच्या तळ्यावर जायचे. त्यात त्यांनी जिताडे मासे सोडले होते. कान्हूला राबायचं काही वाटत नसे. विचारलं असतं तर तो सातही दिवस राबला असता. विचारलं नाही, हे त्याला खुपत होतं.

त्याची मुलगी अनिता पेणच्या कॉलेजात बी.ए. करत होती, इतिहास घेऊन. संध्याकाळी ती मोठ्याने वाचायची.

"इंग्लंडचा राजा होता, बाबा, चार्ल्स. अकरा वर्षं त्यानं पार्लमेंट बोलावलीच नाय."

"म्हंजे गावकी?"

"तशीच. राजानं बोलावली तरच बसायची. तिला न विचारता त्यानं जहाजांसाठी कर लावला. जिथून समुद्र दिसत पण नाय, त्या गावांवर पण."

"दिला लोकांनी?"

"बऱ्याच जणांनी दिला. एक जण कोर्टात गेला, तो हरला."

"मग बसली कशी ती?"

"शेजाऱ्यांशी लढाई लागली, पैसा संपला. मग बोलावली."

"म्हंजे गरज पडली तवा," कान्हू म्हणाला.

"राजाचं राहू दे गो बाय," हौसा चुलीपासून म्हणाली, "भाकऱ्या कोण थापील, तो चार्ल्स?"

दुसऱ्या दिवशी कान्हू हैबतरावांच्या ओटीवर गेला.

"ढोल वाजवा, हैबतराव. सात दिवसांचं गावात बोलू."

"कसा वाजवू? कातडं उंदरांनी खाल्लं."

"मढवून घ्या."

"घेऊ की. लेक शिकते म्हणून मला शिकवायला आलास?"

"नाय. विचारायला आलो."

"विचारलंस. आता जा."

कोजागिरीच्या उधाणाला, भात पिवळं झालेलं असताना, रात्रीच्या भरतीने बांधाला खांड पडली. पहाटे सवयीने बांधावर गेलेल्या कान्हूनेच ती पाहिली. बैलगाडी जाईल एवढी रुंद. दुपारी बाराला पुन्हा भरती. नाथा घरोघर ओरडत गेला. माणसं जमली, पण फावडी खांद्यावरच राहिली.

"कान्हूदादा, हीच वेळ हाय," बाबाजी म्हणाला. त्याचं शेत कान्हूच्या शेताला लागून होतं. "ढोल वाजल्याबिगर फावडं टेकवायचं नाय."

कान्हूने पाण्याकडे पाहिलं. "बांध हैबतरावाचा नाय, आपला हाय. आधी तो बांधू," म्हणाला आणि उतरला.

ओहोटीत चिखल फावड्याने चौकोनी कापायचा, चाळीस माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे द्यायचा, दर थराला पेंढा घालून तुडवायचा. खांडीत उभा राहून तो बसवणारा माणूस एकच असतो, आणि त्याला थांबता येत नाही. तिथे कान्हू पाच तास उभा होता. अकराला खांड बुजली.

"आता तळ्याकडं वळा," हैबतराव वरून म्हणाले. "तिकडची कड बसलीय."

कान्हू बाहेर आला. त्याने फावडं धुतलं आणि बांधावर बसला.

"ढोल वाजवा. गाव ठरवील."

"कातडं नाय म्हटलं ना!"

"मग गाव कसं ठरवील?"

बाबाजी बसला. मग पूर्ण रांग होती तिथेच बसली. शेवटी नाथाही बसला. हैबतरावांनी स्वतः फावडं घेतलं आणि सात-आठ ढेपा टाकल्या, वाकड्या कापलेल्या, पेंढ्याशिवाय. बाराच्या पुढे तळ्याची कड गेली आणि जिताडे खाडीला मिळाले. कोणी हसलं नाही. हसण्याइतकं अंगात उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ढोलाशिवाय गावकी बसली. सातांचे पुन्हा तीन दिवस झाले. नाथा मालकाला सोडून गावाबरोबर बसला म्हणून त्यालाच मुख्य केलं. फाटका ढोल हैबतरावांच्या ओटीवरून नाथाच्या ओटीवर गेला.

पहिलं वर्ष नाथाने घरोघर निरोप देऊन गावकी बसवली. दुसऱ्या वर्षी न विचारता चार दिवस केले, मग पाच. ढोलाचं विचारलं की म्हणायचा, "मढवायला टाकतो."

अनिता तेव्हा शेवटच्या परीक्षेला बसली होती.

"त्या राजाचं पुढं काय झालं, ते सांगितलं नायस," कान्हू म्हणाला.

"बोलावलेली पार्लमेंट त्याच्याशीच लढली, जिंकली. त्याचं मुंडकं उडवलं."

"आणि?"

"चार वर्षांनी, ज्यानं ती लढाई जिंकून दिली त्यानंच शिपाई नेऊन पार्लमेंट बाहेर काढली. दाराला टाळं लावलं."

कान्हूने टाचेला खोबरेल लावलं. "त्याची पण ओटी मोठी असंल."

"असंल."

"मिटलं कसं मग?"

"राजाला मारल्यावर चाळीस वर्षं गेली. नवा राजा आणला तेव्हा आधी त्याला अटी वाचून दाखवल्या, मग मुकुट दिला. पार्लमेंटला विचारल्याशिवाय कर नाय, ही त्यातलीच."

"चाळीस," कान्हू म्हणाला. "माझ्यानं तेवढं होणार नाय गो."

मे महिन्यात हंगाम संपून मिठागर बंद झालं. मजुरीतून घरखर्च जाऊन जे उरलं ते हौसाने मागच्या पडवीच्या कौलांसाठी बाजूला ठेवलं होतं. कान्हूने ते मागून घेतलं आणि नवा ढोल आणायला तो पेणहून गाडीने रोह्याला गेला. तिथल्या ढोलवाल्याने एका बाजूची दोरी सैल ओढली होती. कान्हूने ती सोडायला लावली, पुन्हा ओढून घेतली आणि मगच ढोल खांद्यावर घेतला. गावात आल्यावर तो कुणाच्या ओटीवर नेला नाही. देवळात नेला, हौसाला हात वर करायला लावला, आणि तिचा हात पुरेल अशा बेताने तुळईला बांधला.

"कौलं?" तिने विचारलं.

"पुढल्या साली."

"पाऊस तोवर थांबतोय," ती म्हणाली, आणि काठी उचलून तिनेच पहिला ठोका दिला. अठरा-एकोणीस माणसं आली. नाथा सर्वांत शेवटी आला. ढोल कुणी वाजवला, असं त्याने विचारलं.

"मी," हौसा म्हणाली. "बसा. पाच दिवसांचं बोलायचं हाय."

तो बसला. पडवी त्या पावसाळ्यातही गळली. सहा महिन्यांच्या मिठातून कान्हूच्या हाती उरलं ते एवढंच: एक ढोल, दोन काठ्या आणि टांगायचा दोर.