कुत्रा जगला, मोर मेले

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. लोणावळ्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना निनावी फोन आला. औंढे गावात मोर मरून पडलेत, एका शेतकरणीने दाण्यात विष कालवलंय.

वनविभागाला सोबत घेऊन पंचनामा केला. मोर तिच्या रानात, एका बंगल्याच्या उंच भिंतीलगत पडले होते. पिकात मोर शिरले की बाई गावभर ऐकू जाईल अशा शिव्या घालायची, म्हणून साऱ्यांचा संशय तिच्यावरच. गुन्हा सिद्ध झाला असता तर तिला तुरुंग ठरलेला होता. तिला ठाण्यात आणून बसवलं.

"मावशी, औषध कुठून आणलंत?"

"आणलंच न्हाई तर कुटनं सांगू? शिव्या दिल्या, व्हय. इख न्हाई घातलं. माज्या कोंबड्या त्याच रानात टिपत्यात, जावा बगून या."

बंगल्याचा मालकही जबाबासाठी आला होता. लॉनवर वाळवीचं दाणेदार औषध टाकल्याचं त्याने बेधडक सांगितलं. वर म्हणाला, "माझा कुत्रा दिवसभर तिथेच लोळतो, पंजे चाटतो. त्याला काही झालं का?" दुपारी वरून फोन आला, बाईला अटक दाखवा आणि विषय संपवा. मी म्हटलं, "शवविच्छेदनाआधी अटक नाही. बदली करायची तर करा."

मोरांच्या पोटात खड्यांबरोबर लॉनवरचेच दाणे निघाले. पशुवैद्यक म्हणाले, "कुत्र्याचा दाखला चालत नाही. हे विष मोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, कुत्र्याच्या यकृतात, रक्तात पुरेशी असतात, पक्ष्यांत फारच कमी. थोडे दाणेही पक्ष्याला पुरतात."

कोंबडीही पक्षीच. रानात विष असतं तर आधी कोंबड्या मेल्या असत्या. त्या भिंत ओलांडत नव्हत्या, मोर ओलांडत होते. मालकाला पुन्हा समोर बसवलं, तेव्हा तो कबूल झाला. मेलेले मोर त्यानेच भिंतीपलीकडे टाकले होते, सकाळचा निनावी फोनही त्याचाच. पुढे त्याच्यावरचं आरोपपत्र वडगावच्या कोर्टात गेलं.

मोठ्या आवाजाचा माणूस लगेच गुन्हेगार वाटतो. मला मात्र खोटं बोलणारे बहुतेक शांत आणि नीटनेटके भेटले. तेव्हापासून आवाजावरून माणूस जोखणं मी सोडलं.

मावशीला सोडताना हवालदाराने जबाबाच्या शेवटी नेहमीचं वाक्य लिहिलं, पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. वाचून दाखवताच तिने पेन खाली ठेवलं.

"हाय तक्रार. गुन्हा न्हाई तरी मला हितं बसवलं. ते बी लिवा."

हवालदार माझ्याकडे बघू लागला. मी कागद ओढला आणि तिचं वाक्य माझ्या हाताने लिहिलं.