गादीवाल्याची साक्ष

"प्रभू पुरवील, आपण फक्त तोंड उघडावं."

गादीवाला हे वाक्य उठता-बसता म्हणायचा. त्याच्या बायकोला वाटे, एव्हाना प्रभूलाही ते पाठ झालं असेल. गिऱ्हाईक फिरकलं नाही, प्रभू पुरवील. भाजीत मीठ कमी पडलं, प्रभू पुरवील. आणि मीठ आणायला उठायचं तिनं.

माणूस तसा वाईट नव्हता. कापूस पिंजायला बसला की हात असे चालत, जणू झोपलेल्या ढगाला कुणी हळूहळू जागं करतंय. फक्त प्रभूवर विश्वास होता तेवढा त्याच्यापाशी धीर नव्हता. प्रार्थना संपायच्या आतच एक डोळा उघडून दाराकडे बघायचा.

त्या वर्षी चर्चच्या मंडळीनं चालवलेल्या वृद्धाश्रमातल्या गाद्यांचं काम त्याला मिळालं. हे काम साधलं तर तिथली पुढची कामंही मिळणार होती, आणि दुकान त्यावरच तगणार होतं. नाहीतर मेहुण्याच्या फोमच्या दुकानात नोकरी धरायची आणि त्याच्याच घरी जेवायचं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो काही बोलला नसता. त्याची बायको, म्हणजे हिची भावजय, बोलली असती, आणि नेमकं पानात वाढताना बोलली असती.

गाद्या शनिवारी सकाळी पोचवायच्या होत्या आणि मागवलेला कापूस काही येईना. गादीवाल्याने गुडघे टेकले. प्रभूला शुक्रवार दुपारपर्यंत मुदत दिली. दुपार टळली. तसा तो उठला आणि लोकांच्या फाटक्या गाद्यांतून निघालेला मळका कापूस मागच्या खोलीतून ओढून आणला.

"अहो, हे काय चाललंय?"

"मधल्या थरात जाईल. वरखाली नवा आहेच थोडा."

"आणि प्रभू पुरवणार होता, त्याचं काय?"

"त्यानं नाही कुठं म्हटलंय? येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. मी जुन्याचा नवा करतोय."

"त्यानं पिणाऱ्याला फसवलं नव्हतं."

"तू दाभण घे आणि टाके घाल. का भावजयीच्या हातचं जेवायचंय?"

टाके तिनेच घातले, आणि असे सुबक घातले की गादीच्या पोटातलं पाप वरून कुणाला दिसू नये.

शनिवारी गाद्या पोचवून दोघं परतली, तर दुकानासमोर टेम्पो उभा. आत नवा कोरा कापूस, दुधासारखा.

"टायर फुटला होता, काका," ड्रायव्हर म्हणाला. "आलो ना शेवटी? तोंड का असं झालंय?"

"वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंकडे दोन दिवस मागितले असते तर दिले असते त्यांनी," बायको पुटपुटली. गादीवाल्याला त्या क्षणी ऐकू येत नव्हतं.

त्यांच्या मंडळीत रीत अशी, की आठवड्यात प्रभूने ज्याचं भलं केलं त्याने रविवारी उभं राहून साक्ष द्यायची. गादीवाल्याला याची भारी हौस. सर्दी बरी झाली तरी उभा राहायचा. त्या रविवारी मात्र तो खांबाआड बसला. पाळकांनी तिथूनही शोधून काढलं.

"मेट्रनबाई म्हणतात, कित्येक दिवसांनी म्हाताऱ्या सुखानं झोपल्या. प्रभूने कापूस कसा पुरवला, ते आपल्या भावाच्याच तोंडून ऐकू या."

बायकोने बायकांच्या बाकावरून डोळ्यांनी बजावलं, दोन शब्द बोला आणि खाली बसा. गादीवाला उभा राहिला. सवयीचं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. म्हाताऱ्या सुखानं झोपल्या, हेच त्याच्या कानात घुमत होतं.

"प्रभूने पुरवलं नव्हतं," तो म्हणाला. "मीच पुरवलं."

"आमेन!" सगळे बाक एका सुरात म्हणाले. मेहुण्याचा आवाज सर्वांत मोठा.

"आमेन म्हणू नका हो. आत जुना, मळका कापूस आहे. थोड्या दिवसांत गाठी होतील, म्हाताऱ्यांच्या पाठीला रुततील."

"हालेलुया," एक बहिरे आजोबा म्हणाले.

जिथे दर रविवारी सगळे स्वतःला पापी म्हणवून घेतात, तिथे एकाने आपल्या पापाचा पत्ता दिला, तर मंडळी अशी दचकली जणू कुणी उपासनेत बूट फेकलाय.

मेट्रनबाई उठल्या. "गाद्या आजच घेऊन जा. नव्या कापसानं भरून आणा. पुढची कामं मात्र आम्ही दुसरीकडे देऊ."

"बरोबर आहे, बाई," गादीवाला म्हणाला आणि गीत सुरू व्हायच्या आत बाहेर पडला.

बायको मागोमाग दारापर्यंत आली. तिच्या डोळ्यांपुढे दुकानाचं बंद शटर उभं होतं, आणि मनातल्या मनात ती नवऱ्याला वाट्टेल ते बोलत होती. भाऊ शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, दाजींना उद्यापासून माझ्याकडे पाठव. गिऱ्हाइकाशी बोलायला मात्र ठेवणार नाही."

"तुझ्या फोमच्या पोटात काय भरलंय रे?" ती म्हणाली. "जा ना आत. साक्षीची जागा मोकळी आहे."

भावाने टायची गाठ सैल केली.

रस्त्यावर गादीवाला रविवारच्या कोटातच, कोपऱ्यावरच्या दुकानातून काढलेली रिकामी हातगाडी ढकलत वृद्धाश्रमाकडे निघाला होता. चढ लागला तसा तो वाकला, पण थांबला नाही. दारातून बायको बघत राहिली, आणि तिच्या मागून, मान उंच करून, तिचा भाऊ.