मेहुण्याने सोडलेले पदार्थ

प्रेमभंग पचवण्याची स्वतःची अशी पद्धत असलेला अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ निघावा हे माझं नशीब. इतर लोक अशा वेळी दाढी वाढवतात, नाहीतर दारूला लागतात. आमचा मेहुणा एक पदार्थ सोडतो. जुनी माणसं काशीला जाऊन आवडीचं काहीतरी कायमचं सोडून येत, तसंच. फक्त याला काशीपर्यंत जावं लागत नाही. जी सोडून गेली तिच्यासोबत जे खाल्लं, ते पुन्हा तोंडात घालायचं नाही, असा त्याचा नियम.

पहिली कॉलेजातली. रंकाळ्यावर भेळ खाता खाता तिने आपलं लग्न ठरल्याचं सांगितलं, आणि भेळ गेली. दुसरीपायी लोणी डोसा गेला. तिसरी उपासाला डब्यातून साबुदाण्याची खिचडी आणायची. ती गेल्यापासून हा एकादशीला नुसत्या केळ्यांवर राहतो आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांवर खेकसतो. चौथीला तर हा आपल्या प्रेमात आहे याचा पत्ताच नव्हता. कंपनीच्या बसथांब्याजवळ ती झणझणीत रश्श्यात बुडवलेला कटवडा खायची, हा शेजारच्या बाकावर बसून कटवडा खायचा, एवढाच त्यांचा संसार. ती नोकरी बदलून पुण्याला गेली. तरी सोडायचं ते याने सोडलंच. त्या बिचाऱ्या कटवड्याचं मला आजही वाईट वाटतं.

बरं, सोडायचं तेही निरोप देऊन. शेवटचं खायचं आणि साक्षीला मला न्यायचं. कटवड्याच्या निरोपाला त्याने प्लेटमागून प्लेट हाणली आणि डोळ्यांतून नुसत्या धारा. गाडीवाला घाबरला. "पावणं, लई तिखट झालं काय? दही देऊ?"

"न्हाय वो, तुमचा काय दोष न्हाय," हा नाक पुसत म्हणाला. "पुन्हा गाठ पडायची न्हाय, म्हणून." गाडीवाल्याला वाटलं हा परदेशी चाललाय. त्याने जाताना कौतुकाने चटणीची पुडी बांधून दिली.

असं करत करत पस्तिशी आली तेव्हा मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढाच आवडीचा ऐवज त्याच्याकडे शिल्लक होता. आणि नेमका तेव्हाच तो खराखुरा प्रेमात पडला. ती पेठ वडगावची. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत याच्याच कंपनीत स्टोअरला कामाला. या वेळी त्याने शहाणपण केलं. तिच्यासोबत आवडीचं काही खायचंच नाही! ती म्हणायची, चला काहीतरी खाऊ, की हा तिला दुधीच्या रसाच्या गाड्यावर न्यायचा. कधी उकडलेले मूग, कधी बिनसाखरेचा चहा. दुधीवर त्याचा जन्मापासून राग, तेव्हा उद्या तो सोडावा लागला तरी बिघडत नव्हतं.

तिने काही महिने सोसलं. मग एका रविवारी आमच्या घरी येऊन ती बायकोसमोर बसली.

"ताई, तुमच्या भावाला पोटाचं काय दुखणं हाय, का माळ घातलीया? काय बी असू दे, पर मला सांगायला पायजे की! आमच्यात रविवारी रस्सा झाला न्हाय तर कोण आजारी हाय म्हणून शेजारी इचारायला येत्यात."

बायकोने भेळेपासून कटवड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मी मध्ये दोनदा खोकून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी त्यास्नी घेऊन या वडगावला. जेवायलाच."

निरोप ऐकून मेहुणा पांढराफटक. "दाजी, हिच्यासंगं रस्सा खाल्ला आन् उद्या हीबी गेली तर? मग मी जगू कशावर, दुधीवर?" मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते गिळलं. नाव तो रश्श्याचं घेत होता, पण ती जाईल म्हणून पोरगा खरोखर घाबरला होता. मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

ताटं आली. माझा तांबडा संपून दुसऱ्यांदा वाढून झाला, तरी हा आपला पांढऱ्या रश्श्याच्या वाटीकडे बघत बसलेला. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात, तोंडाला पदर लावून. शेवटी पोरगीच याच्यासमोर येऊन बसली.

"सकाळी उठून नारळ खवलाय, वाटलाय, दूध काढलंय. तुमास्नी न्हाय म्हणायचं असतं तर एवढा कुटाणा कशाला केला असता? खावा गप."

त्याने वाटी उचलून ओठाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. तिने न विचारता पुन्हा भरली. पसंती कळवायची राहूनच गेली. तिच्या आईने थेट मुहूर्ताचंच विचारलं.

लग्नानंतर तिने एकेक करून त्याला सगळं परत खायला घातलं. आता त्याला न होणारे जुने शर्ट मी वापरतो. गेल्या महिन्यात तिच्या आईचं ऑपरेशन झालं म्हणून ती आठवडाभर वडगावला राहिली, तेव्हा त्याचा फोन आला. "दाजी, मटण केलंय, या." गेलो. त्याने मला आग्रहाने वाढलं आणि स्वतः नुसता बसून राहिला.

"आन् तू?"

"एकट्यानं घास उतरत न्हाय वो. ती आली की खाईन."

एकटा? मी समोर आडवा हात मारत होतो ते याच्या खिजगणतीतच नव्हतं! राग यायला हवा होता, पण आला नाही.

घरी आलो तर बायको ओट्याशी उभी राहून, एका हातात वाटी धरून भराभरा जेवण उरकत होती.

"जेवलासा न्हवं?" तिने मान न वळवता विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो, आणि दोन ताटं घेतली.