स्कूटर विकणे आहे, मालकीण घरातच आहे

आमची विजेवर चालणारी स्कूटर माझ्या नावावर नाही, हे मला ती विकताना कळलं.

चार वर्षं मी ती चालवली, पुसली, कुणी तिच्यावर टेकून गप्पा मारायला लागला तर वरून ओरडलो. शोरूममधून आणली तेव्हा हार घालून तिच्याशेजारी फोटोही मीच काढून घेतला होता. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, त्या फोटोत अर्धीच आलीये.)

विकायचं कारण साधं होतं. आम्ही राहतो सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही, त्यामुळे रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबलचक वायर खाली सोडायची. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्या वायरीवर रुमाल वाळत घालायला लागल्या. मी हटकलं तर म्हणाल्या, "आमच्या खिडकीसमोरून जाते म्हणजे आमचीच की!" मग पहिल्या मजल्यावाल्यांनी पाटी लावली : 'वायर दिसल्यास कापण्यात येईल. नंतर वाद घालू नये.' म्हटलं, विकून टाकू!

गिऱ्हाईक लगेच मिळालं. अत्तारसाहेब. कसबा पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे आणि मी ज्या कॉलेजात हेडक्लार्क आहे तिथली जुनी रजिस्टरं तेच बांधतात. साठीचा माणूस, बोलणं मोजून मापून. रविवारी सकाळी दहाला म्हणाले होते, दहाला एक मिनिट कमी असताना बेल वाजली.

"चला, आधी खाली गाडी दाखवतो," मी उत्साहात म्हणालो.

"गाडी कुठे पळत नाही," अत्तारसाहेब बसत म्हणाले. "आधी कागद बघू."

मी सगळी फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि सोबत तोंडी माहितीही पुरवली. "वापर अगदीच कमी हो! सकाळी घर ते कॉलेज, संध्याकाळी कॉलेज ते घर. बाकी गाडी जागची हलत नाही, बॅटरी अगदी नव्यासारखी आहे. पीयूसी मात्र मागू नका, हिला धूरच नाही!"

ते हसले नाहीत. आरसी चष्म्याजवळ नेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "गाडीचे मालक कोण?"

"म्हणजे काय? मीच!"

"बरं. मग आपलं नाव सुनंदा आहे का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायकांच्या नावावर कर्ज घेतलं की व्याजात सवलत होती, म्हणून बँकेत सुनंदाच्या सह्या घेतल्या होत्या. सवलत लक्षात राहिली, सुनंदा विसरलो!

सुनंदा महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. हात पुसत बाहेर आली, आरसी दोनदा वाचली आणि म्हणाली, "म्हणजे गाडी माझी? आणि चार वर्षं मी मागच्या सीटवर बसून 'जरा हळू चालवता का' अशा विनवण्या करतेय?"

"अगं, नाव म्हणजे नुसती कागदावरची गोष्ट असते."

"वहिनी," अत्तारसाहेब म्हणाले, "विकताना कागदावरचीच गोष्ट असते."

त्यात आणखी एक निघालं. कर्ज कधीच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. ते उतरवायला बँकेचं पत्र हवं. सोमवारी मी ऐटीत बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "मालकांना घेऊन या."

"मी त्यांचा नवरा आहे."

"हो का? पण त्यांनाच घेऊन या."

गेली तीस वर्षं मी पोरांना 'सही नाही, उद्या या' म्हणून परत पाठवत आलोय. एवढं लागत असेल असं वाटलं नव्हतं.

सुनंदा आली, पत्र मिळालं, आणि पुढच्या रविवारी अत्तारसाहेब गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म घेऊन पुन्हा हजर झाले. आता फक्त सह्या! मी पेन काढलं. (माझी सही कुठेच नव्हती, तरी काढलं.) इतक्यात त्यांनी मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला.

"तीन चलनं बाकी आहेत. ती भरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही."

"छे, काहीतरी चूक असेल! मला एकही मेसेज आलेला नाही."

येणार कसा? मेसेज जायचे मालकाच्या नंबरवर. शोरूमला मी सुनंदाचा जो नंबर दिला होता तो बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

"फोटोसकट आहेत," अत्तारसाहेब म्हणाले आणि माझा हात पुढे येण्याआधी त्यांनी मोबाइल सुनंदाच्या हातात दिला. मालकीण ना ती!

इथे एक खुलासा करायला हवा. वर्षभरापूर्वी माझ्या रक्ताचा रिपोर्ट बिघडला. सुनंदानं फर्मान काढलं : रोज सकाळी एक तास चालायचं, तळकट बंद. तेव्हापासून मी रोज सहाला पांढरे बूट घालून बाहेर पडत होतो आणि सातला घाम पुसत परत येत होतो.

"स्वारगेट चौक," सुनंदा वाचू लागली. "झेब्रा क्रॉसिंगवर गाडी. मंगळवार, सकाळी सहा पन्नास. अहो, सहा पन्नासला तुम्ही सारसबागेत चालत असता ना?"

"त्या दिवशी... चालत चालत जरा लांब गेलो."

"स्कूटरवरून?"

दुसऱ्या फोटोत माझ्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, त्यामुळे चेहरा फारच स्पष्ट होता. हँडलला कागदी पुडा लटकत होता. पुड्याला तेलाचे डाग होते. चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, अपार समाधान होतं.

"अरे, हा तर आमच्या गल्लीचा कोपरा!" अत्तारसाहेब पहिल्यांदाच खुलले. "इथे भजी काय सुंदर मिळतात वहिनी! सकाळी गरम घाणा निघतो."

मी त्यांच्याकडे केविलवाणं पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं आणि ते सावरायला गेले, "पण जास्त खात नाहीत हे. एखादी प्लेट. फार तर दोन. मी रोज बघतो ना! मला वाटायचं, चालत येतात."

सुनंदानं तिसरा फोटो उघडला. मग बोटांनी मोठा करून पाहिला.

"मागे बसलंय कोण?"

मागे पांढरी साडी होती. पदर वाऱ्यावर उडत होता. एका हातानं माझा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली जिलबी!

माझ्या सासूबाई आमच्याकडेच राहतात. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह जुना. रविवारी सकाळी मी त्यांना विहारात वंदनेला सोडतो, असं घरात सगळ्यांना माहीत होतं.

"आई!" सुनंदा ओरडली.

आतल्या खोलीच्या दारामागे त्या मघापासून उभ्याच होत्या. सावकाश बाहेर आल्या, मोबाइल लांब धरून फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "चांगला आलाय गं. मोठा करून देतात का?"

"विहार त्या दिशेला नाहीच आहे, आई!"

"वंदना झाली होती आधी. मी काय खोटं बोलेन?" मग माझ्याकडे बोट दाखवून, "जावई आग्रह करतात. नाही म्हणवत नाही."

आग्रह! स्कूटरवर चढताना दर रविवारी 'आज कुठली जिलबी' हे त्याच विचारायच्या! पण सासूबाईंना खोटं कोण पाडणार?

आम्ही हे भांडण रंगात आणत होतो, तोवर अत्तारसाहेबांनी फाइल बंद केली होती.

"गायकवाडसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची रजिस्टरं बांधताना एक पान मागेपुढे झालं तरी मी सगळी शिवण उसवतो. तुम्ही म्हणालात, घर ते कॉलेज. ही तर रोज निम्मं पुणं फिरते. मग बॅटरीबद्दल जे सांगितलंत, ते मी काय म्हणून धरू?"

भज्यांसाठी बोललेलं खोटं असं दुसऱ्याच्या व्यवहारात शिरेल, हे ध्यानीमनी नव्हतं. मी "माफ करा" म्हणालो, ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

"बसा, अत्तारभाई," सुनंदा म्हणाली. "गाडीची मालकीण मी आहे. माहिती मी देते."

तिनं कपाटातून सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या काढल्या, तारखेनुसार लावलेल्या. बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरते, मागचा ब्रेक कुरकुरतो, डावा आरसा बदललेला आहे. (आरसा बदललाय हे तिला माहीत होतं!) सगळं सांगून ती म्हणाली, "गाडी चांगली आहे. त्रास चालवणाऱ्याचा होता."

"तो तर आता बदलतोच आहे," अत्तारसाहेब म्हणाले आणि त्यांनी फाइल पुन्हा उघडली.

पुढचा सगळा व्यवहार त्या दोघांत झाला. बॅटरीच्या जुनेपणापोटी किंमत थोडी उतरवली तीही सुनंदानं आपणहून. माझ्याकडे दोन कामं आली : दंड भरणे आणि झेरॉक्स काढून आणणे.

आरसीवरचं नाव बदलायला आम्ही तिघं मिळून आरटीओत गेलो. खिडकीतल्या साहेबांनी कागद चाळले, सह्या पडताळल्या आणि विचारलं, "विकणार कोण?"

"मी," सुनंदा म्हणाली.

"घेणार?"

"मी," अत्तारसाहेब म्हणाले.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि हे?"

"हे गाडीबरोबर आले होते," सुनंदा फॉर्मवरून नजर न काढता म्हणाली.

साहेब अत्तारसाहेबांकडे वळले. "मग हेही घेताय का?"

अत्तारसाहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट पाहिलं. विचारही केला असावा. मग अतिशय अदबीनं म्हणाले, "नको. मेंटेनन्स झेपायचा नाही."

शेवटी न खपलेला माल परत न्यावा तसं सुनंदानं मला रिक्षात घातलं आणि घरी आणलं.