चिकटपट्टी

माझ्या ताईला आमची अख्खी टीम चिकटपट्टी म्हणायची. खेळाडूंच्या घोट्यांना टेप लावणं हे तिचं काम होतं म्हणून, आणि एखादी गोष्ट धरली की ती सोडायची नाही म्हणूनही. नाव मीच ठेवलं होतं. सख्ख्या भावाने ठेवलेलं, त्यामुळे ते टिकलं.

ती युनिव्हर्सिटीत व्यायामशास्त्र आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग शिकत होती, शेवटच्या वर्षाला, आणि त्याच अभ्यासाचा भाग म्हणून आमच्या टीमबरोबर काम करायची. मी तिथेच पहिल्या वर्षाला, फुटबॉलच्या जोरावर आत शिरलेला. घरी मी म्हणजे तिचा फुकटचा सांगाडा. परीक्षा आली की माझ्या पायांवर स्केचपेनने हाडं काढायची. मी जेवत असलो तरी मागून येऊन खांद्यात अंगठा खुपसायची आणि स्नायूचं नाव पुटपुटायची. आई हसायची. मला मनापासून राग यायचा.

डोक्याला मार लागल्यावर करायची चाचणीसुद्धा ती माझ्यावरच शिकली. पाच शब्द लक्षात ठेवायचे, महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायचे, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मी सगळं घडाघडा केलं. "माकडा, तुला डोकं आहे की," ती म्हणाली.

सीझनच्या आधी हीच चाचणी टीममधल्या प्रत्येकाची होते. डोकं ठणठणीत असताना किती चालतं ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे मार लागला तर ताडून बघता येतं. यात आमच्या टीमची एक रीत होती, ती कॅप्टनने मला पहिल्याच दिवशी कानात सांगितली: इथे मुद्दाम नापास व्हायचं. सुरुवातीचाच कागद वाईट असला की पुढे डोकं फुटलं तरी मार्क तेवढेच दिसतात आणि कुणी बाहेर बसवत नाही. मी पाचांतले दोनच शब्द सांगितले, महिने ऑगस्टला सोडून दिले, एका पायावर झोकांड्या खाल्ल्या. चाचणी घ्यायला ताईच होती. पेन थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर म्हणाली, "उद्या परत दे. नीट दे."

"नाही देणार. सगळ्यांनी तसंच केलंय. माझ्या एकट्याचं जाऊन सांगणारेस का?"

तिने कुणाला सांगितलं नाही. कागद तसाच फायलीत गेला. तिची चूक ती हीच, भावाला सांभाळून घेतलं.

सेमीफायनलच्या पहिल्या हाफमध्ये मी हेडर मारायला उडालो आणि समोरच्या टीमच्या बॅकच्या डोक्यावर आदळलो. हाफटाइमला स्टँडखालच्या खोलीत ताईने मला टेबलावर बसवून तीच चाचणी परत घेतली. कोपऱ्यात बर्फाचं मशीन घरघरत होतं आणि मला ते कवटीच्या आत चालू असल्यासारखं वाटत होतं. पण ते सांगायला मी काय खुळा होतो? दोन शब्द आठवले. महिने ऑगस्टपर्यंत गेले.

कोचने दोन्ही कागद शेजारी धरले. "जुळतंय. चल, ऊठ."

"जुळणारच सर," ताई म्हणाली. "जुना कागद खोटा आहे. त्याने मुद्दाम चुकवलं होतं. मला माहीत होतं."

"माहीत होतं? आणि आज सांगतेस? हाफटाइमला?"

"चूक माझी. पण तो खेळणार नाही."

कोचच्या तोंडून जे निघालं ते लिहिण्यासारखं नाही. ती खाली बसली, माझ्या डाव्या बुटाची नाडी सोडली आणि बूट काढून काखेत धरून उभी राहिली. मी तिला ढकललं, चांगलं जोर लावून. ती कपाटावर आपटली. बूट काही सोडला नाही. आम्ही दोन गोलांनी हरलो आणि खापर तिच्या डोक्यावर फुटलं.

"डॉक्टरकडे चल," असं ती रोज दाराबाहेरून म्हणायची. मी कडी लावून घ्यायचो. उजेड डोळ्यांत खुपायचा म्हणून पडदे ओढून बसायचो आणि आईला सांगायचो, अभ्यास करतोय.

कोचने तक्रार टाइप केली: घरच्या भांडणाचा सूड हिने मैदानावर उगवला, कागद खोटा असल्याचं हिनेच दडवलं, तेव्हा हिचं टीमबरोबरचं आठ महिन्यांचं काम रद्द करावं. काम रद्द म्हणजे वर्ष गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. खाली सही माझी हवी होती. मी केली. बाबा म्हणाले, "आपल्याच माणसाच्या मुळावर उठलास." मी म्हणालो, सुरुवात तिने केली. तो राग आठवला की आजही माझे कान तापतात.

चार दिवसांनी ताईच्या विभागप्रमुख बाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. खोलीत पांढरी ट्यूबलाइट होती, मी डोळे बारीक करून बसलो. बाई म्हणाल्या, "सही तुझी आहे ना? मग तूच वाच."

मी पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्या ओळीवर जायला गेलो, तर तोंडातून पहिलंच आलं.

"पुढे वाच," कोच म्हणाला.

पुन्हा पहिलंच. अक्षरं जागेवर राहीनात. या वेळी मी काही मुद्दाम चुकवत नव्हतो. जन्मात कधी इतका जीव लावून वाचलं नव्हतं. कोच खिडकीकडे बघायला लागला.

बाई ताईकडे वळल्या. "तुला काही म्हणायचंय?"

"माझं वर्ष जाऊ दे मॅडम," ती म्हणाली. "ते खरंच माझ्या चुकीने जातंय. पण आधी याला डॉक्टरकडे पाठवा."

"मला काहीही झालेलं नाही," मी तिच्यावर ओरडलो, आणि पहिलं वाक्य चौथ्यांदा वाचायला घेतलं.